घाम, घोंगडी आणि पारध

संस्कृत ‘घर्म’ म्हणजे उष्णता. त्यापासून आलेला ‘घाम’ हिंदीत उन्हाचा वाचक राहिला. मराठीत मात्र तो अंगावरच्या पाण्याला लागला. सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडील डोंगरांत पूर्वी पारधीस जाणाऱ्याला या दोन अर्थांचा संबंध कोशाविना कळे. चढणीवर घाम अंगातील उष्णता बाहेर नेतो, हे हिताचेच. परंतु दबा धरून बसल्यावर ओला सुती सदरा तेच काम चालू ठेवतो आणि पहाटवाऱ्यात अंग काकडते. कापरे भरलेला हात नेम काय धरणार?

म्हणून चढताना घोंगडी खांद्यावर असावी, अंगावर नव्हे. चाल मंद ठेवावी, आणि जागा येण्याआधी थांबून घाम जिरू द्यावा. हे ‘जिरणे’ मोठे मौजेचे आहे. पाणी जमिनीत जिरते, अन्न पोटात जिरते. घाम वस्तुतः हवेत जातो, पण भाषेने त्याला अंगातच परत धाडले! बसल्यावर मग घोंगडीची खोळ घ्यावी. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तृतीयांश इतकी वाफ ओलसर न भासता शोषून घेते. मेणकापड पाऊस अडवते खरे, पण घामही कोंडते. भातलावणीचे इरले पाठीवर वारा खेळू देते. दाट झाडीत मात्र ते अडते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी पारध बंद झाली. कोयना व चांदोलीची राने २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तेथे गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला चढण मात्र तीच आहे.