कंपनी म्हणते माणूस नाही, पालक म्हणतात नोकरी नाही!

नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. दरवर्षी आपली मुलं-मुली बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करून बाहेर पडतात. तरी कंपनीला डेव्हलपर मिळत नाही. अडतं कुठे?

मोठी कंपनी कॅम्पसमधून एकदम शेकड्याने मुलं घेते आणि काही महिने पगार देऊन शिकवते. दहा जणांच्या कंपनीला हे परवडत नाही. नवख्याला शिकवावं, तर हात बसला की तो पुणे गाठतो. अनुभवी माणूस घ्यावा, तर त्याचा नोटीस पिरियड बऱ्याचदा ९० दिवसांचा. तोवर ग्राहक थांबत नाही. कोरोनानंतर घरी बसून बंगळुरूचं कामही करता येतं, म्हणजे पगाराची स्पर्धा थेट बंगळुरूशी.

मग उपाय काय? कंपनीने शिकाऊ उमेदवार घ्यावेत. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. मुलांनी नुसत्या मार्कशीटवर राहू नये. एखाद्या किराणा दुकानाचं बिलिंग किंवा शाळेच्या फीची नोंद ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर बनवून गिटहबवर टाकावं. मालकाला हुनर तिथेच दिसतो.

आणि पालकहो, मुलीला पुण्याला पाठवायला मन धजत नाही म्हणून तिची पदवी कपाटात ठेवू नका. आधी आपल्याच शहरातल्या कंपनीचं दार वाजवा. तिथला दोन वर्षांचा अनुभव पुढे कुठेही कामाला येतो.