जंताची गोळी आणि शाळेची हजेरी

पश्चिम केनियातल्या बुसिया जिल्ह्यात १९९८ साली ७५ प्राथमिक शाळांसाठी जंताच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. एकदम सगळीकडे नाही, २५-२५ शाळांच्या गटांनी. त्यामुळे गोळ्या मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या शाळांची तुलना करता आली. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांचा हा अभ्यास २००४ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’त आला. गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली होती. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत.

सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच. गोळी न घेतलेल्या मुलांमधलेही जंत कमी झाले. अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात आणि संसर्ग अनवाणी पायांतून, न धुतलेल्या हातांतून पुन्हा पोरांपर्यंत पोचतो. ही साखळी एका मुलात तुटली की शेजारचंही वाचतं.

२०१५ मध्ये फेरतपासणीत आकडेमोडीतल्या चुका पुढे आल्या, मूळ अभ्यासात दूरच्या शाळांनाही मिळालेला दिसलेला फायदा डळमळीत ठरला आणि मोठा वाद झाला. मूळ माहिती संशोधकांनीच तपासायला दिली होती, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. त्यात १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोल दिली जाते.