पाटी दुकानाची, रस्ता गावाचा

हमरापूर म्हटलं की गणपतीचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. इथल्या मूर्तिकामात बायांचा हात मोठा आहे. आता कितीतरी जणी स्वतःच्या नावानं धंदाही करतात. धंदा आला की पाटी आली. आज बोलायचंय ते या पाटीबद्दल.

एकीनं चार फुटांची पाटी लावली, की दुसरी आठ फुटांची लावते आणि तिसरी फ्लेक्स टांगते. शेवटी गिऱ्हाइकाला कोणाचीच पाटी धड वाचता येत नाही. कौलारू घराची पडवी झाकली जाते. ज्या कारागिरांच्या जुन्या वस्तीचं कौतुक ऐकून माणूस आला, ती वस्ती त्याला दिसतच नाही. आणि फ्लेक्सच्या शर्यतीत सगळ्यात आधी मागे पडते ती कमी पैसेवाली बाई.

यावर जुन्या वस्त्यांमध्ये एक उपाय करतात. पाटी लावण्याआधी तिचा साधा नकाशा गावातल्या छोट्या समितीला दाखवायचा. समिती पाटीचा आकार, जागा, उजेड आणि ती पक्की बसवली आहे की नाही, एवढंच बघते. तुम्ही काय विकता, भाव काय लावता, हा तिचा विषय नाही.

मुंबईत हे झालेलं आहे. फोर्टमधल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर जुन्या दगडी इमारतींच्या कमानी आणि नक्षी दुकानांच्या पाट्यांखाली गडप झाली होती. १९९५ साली मुंबईत वारसा इमारतींसाठी नियम आले. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी पाट्यांचे नियम आखले. पाटी कमानीच्या आत बसावी आणि खांब-नक्षी झाकू नये, हे त्यातलं मुख्य. दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्या बदलल्या. दुकानं तिथंच राहिली आणि इमारती पुन्हा दिसू लागल्या.

आकाराचा प्रश्न केवळ शोभेचा नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात जाहिरातीचा फलक कोसळला आणि १७ माणसं गेली. मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती, फलक त्याहून कितीतरी मोठा होता. आपल्या पाट्या लहान असतात, पण कोकणातला पावसाळी वारा त्यांनाही सोडत नाही.

एक नियम राज्यभर आहेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी लागते. देवनागरी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत.

मग आपल्या गावात सुरुवात कुठून करायची? नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. विषय तिथं मांडा आणि ठराव करून ग्रामसभेत न्या. फोर्टच्या नियमांमागे वारसा कायद्याचं बळ होतं. गावाचा ठराव मुख्यतः एकमेकींच्या शब्दावर चालेल. म्हणून ग्रामपंचायतीच्या अधिकारात काय बसतं, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्या. हायवेलगतच्या फलकाला रस्ते खात्याची परवानगी वेगळी लागते, तेही लक्षात ठेवा.

ठराव करताना पाच गोष्टी सांभाळा:

१. नियम लेखी असावेत. सरपंचाच्या भावाला आणि विधवा बाईच्या टपरीला एकच माप लावावं.

२. हातानं रंगवलेली पत्र्याची किंवा लाकडाची पाटी चालावी. महाग वस्तूची सक्ती नको.

३. उत्तर आठ दिवसांत मिळावं. गणपतीच्या मोसमात महिनाभर थांबवलेली पाटी म्हणजे बुडालेला धंदा.

४. नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं आणि काय बदललं तर चालेल, तेही सांगावं.

५. जुन्या पाट्यांना मुदत द्यावी. कोणाची पाटी एका रात्रीत उतरवू नये.

समितीत एक पाटी रंगवणारा आणि निदान दोन धंदेवाल्या बाया असाव्यात. नाहीतर नियम करणारे एक आणि भोगणाऱ्या दुसऱ्या, असं होतं.

येत्या बैठकीत गटातल्या चौघीजणी मिळून गावातून एक फेरी मारा. कुठली पाटी लांबून वाचता येते, कुठली पडवी झाकते, कुठली सैल झाली आहे, ते वहीत लिहा. महिला सभेत बोलायला तीच वही उपयोगी पडेल.