कोलकात्याची हवा आणि पिकांची पाने : प्रदूषणजन्य इजा कशी ओळखावी?

वायुप्रदूषणाचा विचार बहुधा मानवी आरोग्याच्या अंगाने केला जातो. परंतु वनस्पतीला दूषित हवेपासून दूर जाता येत नाही. पर्णरंध्रांवाटे कर्ब वायू घेताना हवेतील विषारी वायूही तिच्या पेशींत शिरतात. पानांवर उमटणारी ही इजा रोग किंवा अन्नद्रव्यांची कमतरता समजली गेल्यास फवारणीचा खर्च वाया जातो आणि मूळ कारण तसेच राहते. शहराला खेटून शेती असलेल्या कोलकाता परिसरात हा प्रश्न स्पष्टपणे दिसतो.

शहराच्या कुशीतील शेती

कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ क्षेत्र असून २००२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. येथे शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यपालन व भातशेती होते, तर धापा येथे कचऱ्याच्या जुन्या थरांवर भाजीपाला पिकतो. हुगळी जिल्हा बटाट्यासाठी, तर कोलाघाट–पांसकुडा पट्टा फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. कोलाघाट येथेच कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्रही आहे.

प्रदूषणाची कारणे

डिझेल वाहनांचा धूर, रस्त्यांवरील व बांधकामांची धूळ, कचऱ्याचे ज्वलन, कोळशाचा वापर आणि वीटभट्ट्या हे प्रमुख स्रोत होत. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार राहते. वाराही मंद असतो. त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडतो. कोबी, फुलकोबी, पालक व बटाटा ही पिके नेमकी याच काळात शेतात उभी असतात.

वनस्पतींवरील परिणाम

• धूळ व राख : पानांवर थर साचून प्रकाश अडतो, पर्णरंध्रे बुजतात आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. फुलांच्या पाकळ्यांवर राख बसल्यास बाजारमूल्य घटते. पालेभाज्यांवरील धुळीतून शिसे व कॅडमियमसारखे जड धातू आहारात येऊ शकतात.

• सल्फर डायऑक्साइड : शिरा हिरव्या राहतात, मात्र शिरांमधील भाग फिकट किंवा पांढरट होऊन वाळतो.

• ओझोन : हा वायू धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजन ऑक्साइड व बाष्पनशील सेंद्रिय वायू यांच्यापासून तो सूर्यप्रकाशात तयार होतो. त्यामुळे शहरापेक्षा वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या ग्रामीण भागात त्याचे प्रमाण अनेकदा अधिक आढळते. जुन्या पानांच्या वरच्या बाजूस बारीक ठिपके पडतात व पाने अकाली पिवळी होतात. गहू, सोयाबीन, बटाटा व घेवडा ही पिके संवेदनशील आहेत. पानांवर ठळक लक्षणे न दिसताही उत्पादन घटू शकते.

• वीटभट्टीचा धूर : भट्ट्यांचा हंगाम आणि आंब्याच्या मोहोर व फळधारणेचा काळ एकमेकांवर येतो. भट्टीजवळच्या बागांत फळाचे टोक काळे पडून कडक होते. ‘काळे टोक’ या नावाने ओळखली जाणारी ही विकृती बुरशीमुळे होत नाही, म्हणून बुरशीनाशकाने ती आटोक्यात येत नाही.

रोग की प्रदूषण?

शेतात पुढील चार बाबी तपासाव्यात :

१. एकाच वेळी निरनिराळ्या पिकांवर व तणांवरही सारखी लक्षणे दिसतात काय?
२. धुराच्या स्रोताकडील बाजूस इजा अधिक असून अंतरानुसार ती कमी होत जाते काय?
३. नवीन पालवी निरोगी असून ठिपके पसरणे थांबले आहे काय?
४. पानांवर बुरशीची वाढ, कीड किंवा तिची विष्ठा यांचा अभाव आहे काय?

बहुतेक उत्तरे ‘होय’ अशी असल्यास प्रदूषणाची शक्यता अधिक मानावी. पाहणीची तारीख, वाऱ्याची दिशा व स्रोतापासूनचे अंतर यांची छायाचित्रांसह नोंद ठेवावी. अशी नोंद नसल्यास पुढे नुकसानीचे कारण सिद्ध करणे कठीण जाते.

उपाययोजना

रस्त्यालगतच्या बांधावर दाट पानांच्या झाडांच्या दोन–तीन ओळी लावाव्यात. तुषार सिंचनाची सोय असल्यास साचलेली धूळ सकाळी धुवून काढावी. पालेभाज्या रहदारीच्या रस्त्यापासून दूरच्या वाफ्यांत घ्याव्यात आणि काढणीनंतर स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. धुण्याने पृष्ठभागावरील धूळ निघते. मुळांवाटे शोषलेले धातू मात्र निघत नाहीत. काळ्या टोकाच्या नियंत्रणासाठी ०.६ टक्के बोरॅक्सची, म्हणजे १ लिटर पाण्यात ६ ग्रॅम, फवारणी उपयुक्त ठरते. नवीन बाग वीटभट्ट्यांपासून दूरच लावावी.

खरा उपाय मात्र स्रोतापाशी आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या भारत स्टेज–६ मानकांनी इंधनातील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर आणली. झिगझॅग पद्धतीच्या वीटभट्ट्यांत कोळसा कमी लागतो व धूरही घटतो.

चंद्रपूर, कोराडी व परळी येथील औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास, तसेच महाराष्ट्रातील शहरांलगतच्या भाजीपाला पट्ट्यांतही हीच तपासणी उपयोगी पडेल. फवारणीची शिफारस करण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्याने पानाबरोबरच परिसराचीही पाहणी केल्यास शेतकऱ्याचा अनाठायी खर्च टळेल.