जिप्सी लिलावातली, रुबाब नाही

पोलिसांच्या लिलावातली जुनी जिप्सी वा जीप घेऊन हौसेने चकाचक करणे हा गुन्हा नाही. तिच्यावर रंगीत दिवा फिरवत नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीतून वाट काढणे मात्र नक्कीच आहे. १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचाही लाल दिवा उतरला. तिथे हौशी मालकाची काय कथा! सायरनही पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशा मोजक्याच गाड्यांना. ‘पोलीस’ ही अक्षरे आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’चे बोधचिन्ह रस्त्यावर उतरण्याआधी पुसलेले बरे. पोलीस असल्याची बतावणी करून कुणाला गाडी बाजूला घ्यायला लावली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो.

अशी गाडी नव्याने शोधणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्या भंगारात काढण्याच्या फायलीवर सही केल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी नोव्हेंबर २०२२मध्ये नागपुरातच, अ‍ॅग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनात सांगितले. १ एप्रिल २०२३पासून नियम लागू झाला. कायदा-सुव्यवस्थेसाठीच्या विशेष वाहनांना त्यातून सूट आहे. बाकीच्यांची नोंदणीच संपते.