कोटणीस चीनमध्ये रुळले कसे

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापूर जिल्ह्यात, माढ्यापासून अक्कलकोटपर्यंत, नव्याने सांगावे लागत नाही. 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिक्षण, 1938 मध्ये चीनला प्रयाण आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच, अवघ्या 32 व्या वर्षी मृत्यू. व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या चित्रपटाने ही कथा देशभर नेली. पण आपल्या स्मरणात उरले ते बोटीवर चढणे, चिनी मुलीशी लग्न आणि अकाली मरण. मधली चार वर्षे झाकलीच गेली. माझ्या मते कोटणीसांचे खरे कर्तृत्व त्या मधल्या वर्षांत आहे. परक्या मुलखात ते रुळले, म्हणून त्यांच्या हातातल्या कौशल्याचा तिथे पुरा उपयोग झाला. परदेशी स्वयंसेवेला निघणारी आजची मुले-मुली बॅग काय भरावी, व्हिसा कधी मिळेल, याची चौकशी करतात. तिथे गेल्यावर रुळायचे कसे, हा प्रश्न मात्र ज्याच्या-त्याच्या स्वभावावर सोडला जातो. तो स्वभावाचा प्रश्न नाही, कामाचाच भाग आहे.

जपानने 1937 मध्ये चीनवर आक्रमण केले आणि सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, लोकवर्गणीतून सुमारे 22 हजार रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 ला मुंबई सुटली. कँटन, हँकौ, चुंगकिंग असे मजल दरमजल करत पथक फेब्रुवारी 1939 मध्ये येनानला पोहोचले. वाटेत, चुंगकिंगला असतानाच, वडील गेल्याची बातमी कोटणीसांना कळली. परत फिरायला याहून रास्त कारण नव्हते, आणि कुणी बोलही लावला नसता. ते पुढे गेले. पाचांपैकी चौघे यथावकाश मायदेशी परतले, त्यांतले बसू 1943 मध्ये. मागे परतलेल्यांना कमी लेखण्याचे कारण नाही; आजारपण होते, ठरलेली मुदत होती, घर होते. पण एकाच बोटीने, एकाच हेतूने गेलेल्या पाच जणांत एक जण तिथला झाला, ते कसे हे पाहण्यासारखे आहे.

उत्तर चीनच्या डोंगराळ सीमाभागात इस्पितळ म्हणजे एक इमारत नव्हती. जपानी फौजांच्या मोहिमा सतत चालू, त्यामुळे जखमी सैनिक खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवलेले असत. कडाक्याच्या थंडीत खालून ऊब दिलेल्या मातीच्या कट्ट्यावर घरातली माणसे आणि जखमी शेजारी-शेजारी. खायला मुख्यतः राळे. आपल्या जुन्या पिढीच्या परिचयाचेच धान्य, पण भाकरी-शेंगाचटणीच्या माणसाला रोज तेच म्हटले तर ते अंगवळणी पाडून घ्यावे लागते. अशा ठिकाणी डॉक्टरची फेरी घरोघर होणार. रात्री ताप किती चढला, पट्टी कुणी सोडली, पोटात काय गेले, हे सगळे त्या घरच्या म्हातारीला विचारावे लागणार. तिची बोली कळली नाही तर निष्णात सर्जनसुद्धा निम्मा आंधळा. कोटणीस चिनी भाषा केवळ बोलण्यापुरती शिकले नाहीत. ते चिनीत वाचू-लिहू लागले, वर्गात चिनीतून शिकवू लागले. 1941 च्या सुरुवातीला बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. शस्त्रक्रियाशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांनी चिनीत लिहिले. दुसरे लिहीत असतानाच त्यांचा अंत झाला. माझ्या दृष्टीने त्यांच्या चार वर्षांतला सर्वांत भक्कम पुरावा हाच. शस्त्रक्रिया एका माणसाला वाचवते. स्थानिक भाषेतले पाठ्यपुस्तक हाती आलेला विद्यार्थी पुढे शेकडो जखमींपर्यंत पोहोचतो, आणि त्याला परदेशी डॉक्टरची वाट पाहावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप खुद्द त्या रुग्णालयाच्या नावातूनच येतो. कॅनडाचे नॉर्मन बेथून 1938 मध्ये चीनमध्ये आले, दुभाष्याच्या मदतीने काम केले, आघाडीच्या अगदी जवळ शस्त्रक्रिया केल्या, डॉक्टर-परिचारिका तयार केल्या आणि बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन 12 नोव्हेंबर 1939 रोजी गेले. भाषेवाचून इतके होऊ शकते, तर रुळण्याचा एवढा आग्रह कशाला? आक्षेप वजनदार आहे. बेथून पन्नाशीला टेकलेले, स्पेनच्या युद्धात रक्तपुरवठ्याची फिरती व्यवस्था उभी करून आलेले नामांकित सर्जन होते. अनुभवाचा एवढा साठा असलेला माणूस दुभाष्यावर निभावून नेतो. कोटणीस मात्र तिशीही न गाठलेले, नुकतेच शिक्षण संपवलेले डॉक्टर होते. परदेशी सेवेला जाणारे बहुतेक जण असेच असतात, त्यामुळे आपल्या मुलांना ताडून पाहायचे तर कोटणीसांशीच पाहावे लागेल. शिवाय बेथून गेल्यावर त्यांनी घालून दिलेली घडी टिकवायला रोज तिथे राहणारा, विद्यार्थ्यांच्या भाषेत बोलणारा माणूस लागला.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. इतके रुळणे माणसाला महागात पडते. 25 नोव्हेंबर 1941 रोजी कोटणीसांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले, ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला, आणि अपस्माराच्या झटक्यांनी त्यांना तीनेक महिन्यांतच नेले. उपचारासाठी तो भाग सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नव्हता. पाहुणे असते तर कदाचित निघाले असते. इथे मी आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. रुळलेल्या माणसाला ‘आता थांबा’ असे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवे, कारण ते तो स्वतःला सांगत नाही. पण म्हणून कुणी रुळूच नये, असे त्यातून निघत नाही. पाठवणाऱ्या संस्थेने सक्तीची विश्रांती आणि परतीचा रस्ता खुला ठेवावा, एवढेच निघते.

तिसरा आक्षेप माढ्यात बसून घेतला जाईल आणि तो घ्यायलाच हवा : आपल्याच जिल्ह्यात डॉक्टरांची वानवा असताना चीन कशाला? त्याचे उत्तर उलट्या दिशेने आलेल्या माणसात सापडते. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर कॅनडातले. 1894 मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले, जवळजवळ चार दशके या भागात काढली, इथल्या तरुणांना वैद्यक शिकवले. वानलेसवाडी हे नाव आजही तिथे आहे. माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पुढे मिरजेपर्यंत जाऊ लागली, तेव्हा हे रुग्णालय इकडच्या माणसांनाही जवळ आले. वानलेस यांच्या धर्मप्रसाराच्या हेतूशी मतभेद जरूर असावेत. पण दक्षिण महाराष्ट्राने परक्या डॉक्टरच्या रुळण्याचा लाभ घेतला आहे, हे विसरून चालणार नाही. सेवा गावाच्या वेशीत कोंडायची म्हटले तर मिरजेचे ते रुग्णालयही झाले नसते.

आणि घरच्या गरजेचीच गोष्ट काढायची तर तीच कसोटी इथेही लावू. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. भाषा मराठीच, तरी पुण्या-मुंबईचा नवा डॉक्टर तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा परकाच असतो. कोणत्या वस्तीत पाणी खराब आहे, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कधी परततात, आशाताईंचे कोणत्या घरात ऐकले जाते, हे उमगेपर्यंत वर्ष सरत आलेले असते. त्या वर्षाचे पहिले दोन महिने रुग्णतपासणीबरोबरच आशाताई आणि आरोग्यसेविकेसोबत वाड्या-वस्त्या फिरण्यासाठी नेमून द्यावेत, आणि जो आणखी दोन-तीन वर्षे त्याच केंद्रात राहायला तयार असेल त्याला राहायला धड घर आणि पदव्युत्तर प्रवेशात ठोस सवलत द्यावी. परदेशी पाठवणाऱ्या संस्थांनाही हीच अट घालता येईल : आधी भाषा, मग नेमणूक, आणि मुदत ठरवताना शिकण्यात जाणारा काळ वेगळा धरलेला.