दोन पार्लमेंटांचें एक पार्लमेंट

इ. स. १७०७ मध्यें इंग्लंड व स्कॉटलंड यांचा संयोग झाला, एवढें वाक्य शालेय इतिहासांत असतें. परंतु एखाद्या राष्ट्राची कायदेसभा आपल्याच मतानें स्वतःचा शेवट करून घेते हा प्रकार इतका विरळा आहे कीं, तो कसा घडला हें आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें.

१६०३ मध्यें एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली व तिची गादी स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजास मिळाली. राजा एक झाला, पण राज्यें दोनच राहिलीं. लंडनास एक पार्लमेंट, एडिंबरोस दुसरें. कायदे, जकात, नाणीं सारें निराळें. एका घरांत दोन चुली मांडाव्या तसा हा संसार शंभर वर्षें कसाबसा चालला.

पुढें स्कॉटिश लोकांनीं पनामाजवळ डेरियन येथें वसाहत करण्यासाठीं ४ लक्ष पौंडांची वर्गणी नोंदविली. इंग्रज वसाहतींनीं त्यांस मदत करूं नये असा हुकूम सुटला. आणि तो सोडणारें सरकार त्यांच्याच राजाचें होतें! रोग, उपासमार व स्पॅनिश लोकांचा वेढा यांनीं ती वसाहत १७०० मध्यें बुडाली. त्याच वर्षीं राजकन्या अ‍ॅन हिचें उरलेलें एकुलतें मूल वारलें. इंग्लंडनें पुढील वारस म्हणून हॅनोव्हरचें घराणें ठरविलें. तर स्कॉटलंडनें १७०४ मध्यें, आपला राजा आपण निवडूं, असा कायदा केला. तेव्हां इंग्लंडनें धमकी दिली कीं, तडजोड न झाल्यास स्कॉटिश लोकांस परके मानूं व त्यांचीं गुरें, कोळसा आणि तागी कापड घेणार नाहीं.

१७०६ मध्यें दोन्ही बाजूंचे ३१-३१ प्रतिनिधि लंडनास जमले. ते निरनिराळ्या दालनांत बसत व लेखी निरोप पाठवीत! त्यांतून २५ कलमांचा करार झाला. एडिंबरोंत व ग्लासगोंत दंगे उसळले, तरी १६ जानेवारी १७०७ रोजीं स्कॉटिश पार्लमेंटनें तो मंजूर केला आणि १ मेपासून तो अमलांत आला. इंग्लंडच्या कर्जाचा भार वांटून घेण्याबद्दल स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग मिळाले. त्यांतून डेरियनचे भागीदारही भरपाई पावले. याशिवाय २०,००० पौंड गुप्तपणें कांहीं पुढाऱ्यांत वांटले गेले. पण केवळ लाचेनें राष्ट्र विकलें गेलें, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. इंग्रजी वसाहतींचा व्यापार त्यांस खुला झाला, हा लाभ मोठा होता. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन व माल्कम हे दोघेही स्कॉटलंडचेच सुपुत्र.

कॉमन्स सभेंत इंग्लंडचे ५१३ सभासद. स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या. मात्र त्यांचे कायदे, न्यायालयें व प्रेस्बिटेरियन मंडळी यांस हात लावूं नये असें ठरलें. हें वचन पुरतें पाळलें गेलें नाहीं. १७१२ मध्यें नव्या पार्लमेंटनें मंडळीचा पाळक नेमण्याचा हक्क पुन्हा जमीनदारांस दिला. एडिंबरोचें पार्लमेंट १९९९ मध्यें पुन्हा भरलें आणि २०१४ च्या मतदानांत बहुसंख्य लोकांनीं संयोगच राखला. पण मंडळीची जखम त्याच्या फार पूर्वीं चिघळली होती. १८४३ मध्यें शेंकडों पाळक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनीं स्वतंत्र मंडळी स्थापिली. ती बातमी मुंबईस येतांच डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी त्यांस मिळाले, आणि आपल्या शाळेची इमारत मागें ठेवून दुसऱ्या जागीं वर्ग भरवूं लागले.